विसरायची छत्री

मामाजी आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा जाताना चष्म्याचं घर विसरले. ते न्यायला आले तेव्हा पंचा विसरले. पंचा न्यायला आले आणि चुन्याची डबी ठेवून गेले. मी वैतागून नवऱ्याला म्हटलं, "या माणसाच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे." नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला, "डोकं शाबूत हाय त्याइचं. तुह्या हातचा चिवडा आवडला त्याइले."

तो बिघाड नव्हता, पद्धत होती. ती त्यांनीच मला एकदा समजावून सांगितली. थाट असा, की जणू घराण्याची विद्या देताहेत.

"सूनबाई, बिनबोलावता लोकाच्या घरी जाणं बरं दिसत नाई. पन आपली वस्तू आनाले जाणं म्हंजे हक्काचं काम. कोनी म्हनू शकते का, काहून आला म्हनून?"

विद्येचे नियमही होते. गरजेची वस्तू विसरायची नाही, आपलीच पंचाईत होते. किमतीची विसरायची नाही, लोक घाबरून स्वतःच पोचवायला येतात आणि डाव फसतो. खायची विसरायची नाही, ती परत मिळत नाही. आणि एका घरी एका वेळी एकच. "दोन इसरल्या का लोक म्हनते, बुढा सटकला."

हे मामाजी माझे कोणी नव्हते. आमच्या वऱ्हाडात सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि माझे खरे मामाजी घरी धडधाकट होते, मधल्या खोलीत पलंगावर. हे दुसरे केबलवरचे. एका मालिकेत ते माझे सासरे होते आणि मी त्यांची सून, एवढंच नातं. पण अमरावतीत लोकांना तेच खरं वाटायचं. भाजीवाली मला वांगी देताना विचारायची, "मामाजी बरे हायेत ना वं?" आणि मी घरच्यांची तब्येत सांगायला लागले की म्हणायची, "ते नाई माय, आपले!"

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा गच्चीगच्चीवर तबकड्या नव्हत्या आल्या. विजेच्या खांबांवरून एक काळी वायर घरात यायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला केबलवाला बसलेला असायचा. आमच्या केबलवाल्याला हौस फार. सकाळी आरती, दुपारी सिनेमा, मध्ये साड्यांच्या दुकानाच्या जाहिराती, आणि रविवारी संध्याकाळी स्वतःची विनोदी मालिका, 'चाय पिऊनच जा'. तिची कॅसेट एसटीनं अकोल्याला जायची आणि तिथला केबलवाला ती बुधवारी लावायचा. म्हणजे मी रविवारी अमरावतीत प्रसिद्ध असायची आणि बुधवारी अकोल्यात. मधले दिवस मी धुणी धुवायची.

पण धुणी धुताना माझी मान बघायला हवी होती! कॉलेजात असताना एका एकांकिकेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. त्यातला 'उत्तेजनार्थ' मी सोयीनं विसरले होते. आपण मोठ्या रंगभूमीच्या होतो आणि चुकून अमरावतीच्या गॅसशेगडीपुढे उभ्या आहोत, अशी माझी पक्की समजूत होती. मालिकेत पोळ्या लाटतानाही मी गुलाबी लिपस्टिक लावायची. माझी डावी बाजू जास्त देखणी आहे असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी कोणाशीही बोलताना कॅमेऱ्याला डावा गाल द्यायची. हल्ली कोणी तरी त्या जुन्या कॅसेटी इंटरनेटवर टाकल्या आहेत. माझ्या नातीनं दोन भाग पाहिले आणि विचारलं, "आजी, तेव्हा तुझी मान धरली होती का?"

मामाजी मूळचे चांदूर रेल्वेचे. तिथं फुलांची शेती, आणि अमरावतीत देवीच्या देवळाजवळ हारांचं दुकान. कायम कानात एक मोगऱ्याची कळी. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गळ्यात का फोटोले?" गळ्यातला हार असला की ओवताना गुणगुणायचे, फोटोचा असला की गप्प. आमचा डायरेक्टर एरवी लग्नांचं शूटिंग करायचा. नवरदेवाच्या हाराला गेला आणि मामाजींनी त्याला असा काही बोलण्यात गुंगवला, की हाराऐवजी तो मामाजींनाच घेऊन आला.

मालिकेची गोष्ट म्हणाल तर दर रविवारी एकच. मामाजी मुलाच्या घरी बसायला येतात. सून, म्हणजे मी, डाव्या गालानं म्हणते, "चाय पिऊनच जा." चहा उकळेपर्यंत मामाजी सगळ्या घराची भांडणं लावून देतात आणि ऐन वेळी उठतात, "आलोच मी!" ते दाराबाहेर गेले की मला खुंटीवर त्यांची छत्री दिसते. मी ओरडते, "मामाजी, छत्री!" मामाजी छत्री घ्यायला परत येतात, तोवर त्यांचा चहा कोणीतरी पिऊन टाकलेला असतो. मामाजी रिकाम्या कपात डोकावतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. संपलं. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही चहा मिळाला नाही आणि लोक दर रविवारी त्याच जागी पोट धरून हसले. छत्रीची युक्ती डायरेक्टर स्वतःची म्हणून सांगायचा. ती कुठून आली होती हे आमच्या बैठकीतल्या चुन्याच्या डबीला ठाऊक होतं.

लिहिलेले संवाद मामाजी कधीच बोलले नाहीत. "लिहिलेलं बोललं का तोंडात कागद आल्यासारखं लागते," म्हणायचे. मनाला येईल ते बोलत. मी मात्र माझी वाक्यं स्वल्पविरामासकट पाठ करून जायची आणि मामाजी भलतंच काही बोलले की गडबडून मूळचंच उत्तर देऊन टाकायची. त्यांनी विचारावं, "सूनबाई, तुमच्या घरी मांजर हाय का उंदीर?" आणि मी म्हणावं, "हो मामाजी, ते ऑफिसला गेलेत." लोकांना वाटायचं, काय लिहिलंय!

मालिकेचा सेट केबलवाल्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर होता. एक सोफा, एक खुंटी, एक दार. त्या दारामागे नुसती गच्ची. जिना सोफ्याच्या बाजूला, आतच. म्हणजे दारातून 'गेलेला' माणूस खरं तर कुठेच जात नसे. डायरेक्टर 'कट' म्हणेपर्यंत तो बाहेर उन्हात भाजत उभा राहायचा आणि मग परत आत यायचा.

घरच्या मामाजींचं या मामाजींशी बिलकूल जमत नव्हतं. रविवारी हाताची घडी घालून मालिका बघायचे आणि दर वेळी एकच शेरा, "सासराच पायजे होता तं मी काय मेलो होतो?" केबलचे मामाजी वस्तू न्यायला आले की घरचे मामाजी मधल्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. पण पुरतं नाही. एक फट ठेवायचे.

आणि जे कळायला हवं होतं, ते त्या फटीतून त्यांनाच आधी कळलं.

वैशाख होता. अमरावतीचा वैशाख म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही पाय टाकत नाही. मामाजी पंचा न्यायला आले, चिवडा खाल्ला, "आलोच मी" म्हणाले आणि गेले. मी दार लावायला गेले तर उंबऱ्याशी त्यांच्या चपला. दोन्ही. मी खदखदा हसले. आमचे हेही हसले, "आता चपला ठेवून गेला बुढा! कमाल हाय!"

मधल्या खोलीचं दार उघडलं. घरचे मामाजी बाहेर आले. चपलांकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

"हसून काय राहिले? या उनात कोनी चपला ठेवून जाते का? धाव ना बाई त्याच्या मागं!"

मी चपला हातात घेऊन धावले. कोपऱ्यावर कडुनिंबाची सावली होती तेवढ्यात मामाजी उभे होते. एक पाय टेकत, दुसरा उचलत. डावीकडे बघत होते, उजवीकडे बघत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. सेटवर मी वाक्य चुकले की उजळायचा, तसाच.

"बरी आली सूनबाई. आता माहं काय हाय? इकडं जाऊ का तिकडं?"

मला वाटलं गंमत करताहेत. मग त्यांचे डोळे बघितले. मी खाली वाकून चपला त्यांच्या पायांत सरकवल्या आणि म्हटलं, "डावीकडं मामाजी. देवळाकडं. चला, मलाही तिकडंच जायचंय."

मला तिकडं काहीच काम नव्हतं. डोक्यावर पदर नाही, पायात माझ्याही चपला नाहीत. देवळापर्यंत आम्ही सावल्या शोधत शोधत गेलो, दोघं मिळून एक जोड घालून आल्यासारखे.

मग एकेक उलगडत गेलं. विसरण्यासाठीच प्रसिद्ध असलेला माणूस खरोखर विसरायला लागला, तर कोणाला कळणार? लिहिलेलं कधीच न बोलणारा माणूस वाक्य विसरला, तर डायरेक्टर कशाला थांबेल? त्यांनी आयुष्यभर केलेल्या गमतीनंच त्यांचा आजार झाकून ठेवला होता. अकोल्याहून त्यांचा मुलगा आला, डॉक्टरला दाखवलं आणि ठरलं, की महिनाअखेर मामाजींना अकोल्याला न्यायचं. दुकान पुतण्याकडे. मालिकेतलं काम बंद.

मामाजींनी ही बातमी आम्हाला सेटवर सोफ्यावर बसून दिली. "डोक्यातली केबल ढिली झाली म्हंते डॉक्टर. कधी चित्र येते अन् आवाज जाते. कधी आवाज येते अन् चित्र जाते. आज दोन्ही हाय, म्हनून सांगून देतो."

आता त्यांना मालिकेतून काढायचं कसं, यावर डायरेक्टरनं दुसऱ्याच दिवशी मला फोन केला. त्याचा आवाज दुःखानं भरलेला होता आणि दुःखाच्या खाली आनंद उकळत होता. "ताई, मारू त्याइले. हार्ट अटॅक. मंग फोटो, हार, समई. वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडतो, लग्नात सोडतो तशा. कबुतर उडवू का?"

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "कबुतर नको. पण मला रडायला वेळ पुरेसा ठेवा."

एवढी वर्षं मी फक्त 'चाय पिऊनच जा' आणि 'मामाजी, छत्री!' म्हणत आले होते. आता माझ्या आतली रंगभूमी उठून बसली. मी एक विलाप लिहिला. चांगला लांबलचक. त्यात 'आधारवड' होता, 'छत्र हरपलं' होतं, आणि मध्ये एकदा जमिनीवर कोसळणं होतं. ते कोणत्या कुशीवर, हे तुम्ही ओळखलंच असेल.

तालमीसाठी दुपारची वेळ निवडली. नवरा कामावर, घरचे मामाजी झोपलेले. स्वयंपाकघरात उभी राहून मी पहिली किंकाळी फोडली, "मामाजीऽऽ! अहो मामाजीऽऽ! आम्हाला टाकून कुठं गेलात होऽऽ!" आवाज छान लागला म्हणून परत फोडली. तिसऱ्या वेळी कोसळले. पडल्या पडल्या डोळे उघडले तर दारात शेजारच्या काकू, डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी. त्यांच्या मागे गल्लीतल्या आणखी बायका. एकीनं तर घरी कडू घासाचं बेसन चुलीवर चढवून ठेवलं होतं. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणायची असते, तोच कडू घास. काकूंनी मला छातीशी धरलं. "रड बाई, रड. मोकळी होय. केव्हा गेले?"

तेवढ्यात मधल्या खोलीतून घरचे मामाजी आले, बनियनवर, डोळे चोळत. "काय कल्ला लावला? कोन मेलं?"

पुढची पाच मिनिटं मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की ते पिठलं संध्याकाळी आमच्या घरी आलंच, कारण केलेलं वाया कसं घालवायचं. घरच्या मामाजींनी ते भाकरीशी चवीनं खाल्लं. "स्वतःचा कडू घास खाणारा मीच पयला," म्हणाले. "मस्त झाला. आता मले जिवंतपनी रडून घेतलं ना बाई, मंग मेल्यावर हासजो."

रविवारी सेटवर डायरेक्टरनं मामाजींना त्यांचा मृत्यू वाचून दाखवला. सगळा. पाकळ्यांसकट. मामाजी कानातली कळी चाचपत ऐकत होते.

"हार कुठून आननार?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच दुकानातून, मामाजी."

"शेवंतीचा घेजो. झेंडू लाइटीत काळा पडते."

डायरेक्टर खूश झाला. मी पदर सावरला. मग मामाजी म्हणाले, "पन मी मरत नाई."

"मामाजी, खरंखुरं थोडीच..."

"आयक ना बे. मी जिंदगीभर फोटोचे हार ओवले. पयल्या वर्षी लोक शेवंती नेतात, दुसऱ्या वर्षी झेंडू, तिसऱ्या वर्षी प्लॅस्टिकचा घालून टाकतात. हार घातला का माणूस भिंतीवर गेला. भिंतीवरून कोनी उतरत नाई. मले भिंतीवर नाई जायचं. मले दारातून जायचं हाय." थोडा वेळ थांबले. शब्द शोधत होते की धाक दाखवत होते, सांगता येत नव्हतं. "मी तं सारं इसरीन. तुमी लोकं मले जिवंत इसरा, चालते. मेला म्हनून आठवन काढू नका."

माझ्या हातात विलापाचे कागद होते. ते मी घडी घालून ब्लाउजमध्ये सारले. आणि काय सांगू, तेव्हाही मनात आलं होतं, निदान कोसळणं तरी ठेवता येईल का!

डायरेक्टर शेवटी म्हणाला, "मंग जाता कुठं? काही तरी दाखवा लागन."

"सेमाडोहच्या जंगलात पाठवून दे. वाघ पाहाचा राहिला हाय माहा. वाघ दिसला का येतो."

झालं. त्यांचा शेवटचा भाग असा ठरला: मामाजी वाघ बघायला सेमाडोहला निघतात. "आलोच मी" म्हणतात, जातात, छत्री खुंटीवर राहते. मी ओरडते, "मामाजी, छत्री!" आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते परत येत नाहीत. कॅमेरा छत्रीवर. पाकळ्या डायरेक्टरनं हट्टानं ठेवल्या होत्या.

आता प्रश्न एकच होता, मामाजींना हे पार पडेल का. दर वेळी चुकलं तर चुकलं, पुढच्या रविवारी भरून निघायचं. या वेळी पुढचा रविवार नव्हता. डायरेक्टरनं सुचवलं, सोफ्यामागे कोणाला तरी बसवू, वाक्यं सांगायला. मामाजींनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो विषयच मिटला. अकोल्याचा मुलगा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता, बापाची बॅग मांडीवर घेऊन.

सुरुवात झकास झाली. मामाजींनी घरात भांडण लावलं, वाघाला काय खाऊ न्यावा हे विचारलं, माझ्या चिवड्याला वाघ घाबरतो म्हणाले. मग "चाय पिऊनच जा" म्हटलं मी, आणि मामाजी उठले. उठले आणि थांबले. खुंटीकडे बघितलं. दाराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बघितलं होतं, तसं.

कॅमेरा चालू होता. डायरेक्टरचा हात वर गेला होता पण तो 'कट' म्हणेना. पायरीवर मुलगा उभा राहिला. आणि मामाजी परत सोफ्यावर बसले.

"झाली का चाय?"

इतक्या रविवारांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. आणि सेटवर चहा नव्हता! कधीच नसायचा. पातेल्यात नुसतं पाणी उकळायचं, कप रिकामे. मी, बाई पाठांतराची, काय करणार? डायरेक्टरचा थर्मास त्याच्या खुर्चीखाली होता. मी सरळ कॅमेऱ्यासमोरून गेले, थर्मास उचलला, कपात ओतला आणि मामाजींच्या हातात दिला. नातीनं मला मुद्दाम दाखवलं, त्या वेळी कॅमेऱ्याकडे माझी पाठ आहे.

मामाजींनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. प्यायले. परत ओतला. अख्खा कप संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग कप खाली ठेवला, मिशा पुसल्या, उठले, खुंटीपाशी गेले, छत्री काढली, काखेत मारली.

"आलोच मी," म्हणाले, आणि दारातून गेले.

माझी वेळ झाली होती. मी तोंड उघडलं, "मामाजी..." आणि खुंटी रिकामी. पुढचा शब्दच शिल्लक नव्हता. मी तशीच उभी राहिले, तोंड उघडं, नाकाचा शेंडा लाल, उजवी बाजू कॅमेऱ्याकडे. केबलवर तेच दिसलं. आजवर माझ्या अभिनयाचं जेवढं कौतुक झालं ते त्या उघड्या तोंडाचं. मी काहीच केलं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

'कट' झाल्यावर सगळे रडत होते. डायरेक्टर, कॅमेरावाला, केबलवाल्याची बायको. मीही रडले, आणि कोणत्या कुशीवर ते आठवत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग दार किलकिलं झालं आणि मामाजींनी डोकं आत घातलं. बाहेर गच्चीवर ऊन रणरणत होतं आणि त्यांनी डोक्यावर छत्री उघडून धरली होती.

"रडून झालं असन तं येऊ का आत? जिना तं इकडंच हाय!"

आधी मुलगा हसला. मग सगळेच. मामाजी छत्री मिटत आत आले आणि डायरेक्टरच्या पाठीत धपाटा घालून म्हणाले, "पाहा बे! दारातून गेलो म्हनून आलो. भिंतीवर टांगलं असतं तं आलो असतो का?"

पाकळ्या राहूनच गेल्या.

रविवारी तो भाग लागला. दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं मला वांगी दिलीच नाहीत. "सासऱ्याले थर्मासची चाय पाजते वं? घरी दूध नव्हतं?" बुधवारी अकोल्याहून एकानं केबलवाल्याला सांगितलं, की वाघ दिसला की कळवा. घरच्या मामाजींनी मात्र मालिका संपल्यावर हाताची घडी सोडली. मग म्हणाले, "तुह्यापेक्षा बुढ्याले चांगलं जमते." आणि मधल्या खोलीत गेले. दार लोटलंच नाही.

पुढे वर्षभर मालिका चालली. दर भागात मामाजींचा निरोप यायचा, "वाघ दिसला नाई. दिसला का येतो."

मी अकोल्याला गेले त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी. मामाजी ओसरीत बसून शेवंती ओवत होते. मुलगा रोज सुटी फुलं आणून द्यायचा. त्यांनी मला ओळखलं नाही. "बसा बाई," म्हणाले, "गळ्यात का फोटोले?" मी म्हटलं, "काहीच नको. गोष्ट सांगायला आले." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. छत्री, कडू घास, थर्मास. ते अगदी बरोबर जागी हसत होते. कडू घासाला तर हार खाली ठेवून हसले. मग म्हणाले, "अन् बुढा छत्री घेऊनच गेला? लय बेरकी होता."

इतकी वर्षं मनात होतं ते विचारून टाकलं. "का नेली असेल हो त्यानं? विसरून, की मुद्दाम?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मला वेड्यात काढताना बघायचे, अगदी तसं.

"ऊन असन ना वं! वऱ्हाडातलाच होता ना तो?"

मी निघाले. "आलेच मी," म्हटलं. फाटकापर्यंत पोचले तोच मागून मुलगा ओरडला, "ताई, छत्री राहिली तुमची!" आणि त्याच्या मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, खणखणीत, मालिकेतला.

"राहू दे बे. तिनं इसरली नाई. ठेवली हाय."

मी मागे वळून बघितलं नाही. उन्हातून तशीच स्टेशनपर्यंत चालत गेले. त्यानंतर छत्री आणायला म्हणून मी कितीदा गेले आणि दर वेळी ती तिथंच ठेवून आले. मला त्यांनी नंतर कधी ओळखलं नाही. छत्रीकडे बोट करून मात्र दर वेळी सांगायचे, "हे एका बाईची हाय. येते ते."

एका सकाळी मुलाचा फोन आला. फोन ठेवून मी आमच्या ह्यांना एवढंच म्हटलं, "मामाजींना वाघ दिसला."

तेरवीला अकोल्याला गेले. मी विलाप वगैरे काही नेला नव्हता. भिंतीवर फोटो नव्हता. मुलानं बापाचा शब्द पाळला होता. पण आलेल्या पाहुण्यांची पंचाईत झाली होती, जो तो हातात हार घेऊन भिंती न्याहाळत होता. शेवटी कोणी तरी दाराजवळच्या खुंटीवर जे दिसलं त्याला शेवंतीचा हार घालून हात जोडले. ती माझी छत्री होती.

मी जिवंत असताना माझ्या छत्रीला हार! घरचे मामाजी हयात असते तर म्हणाले असते, आता तिचा कडू घास खा. मला इतकं हसू आलं, की पदर तोंडात कोंबावा लागला. बायकांना वाटलं मी हुंदके देतेय. एकीनं पाठीवरून हात फिरवला.

निघताना मुलानं छत्रीचा हार काढला, पाकळ्या झटकल्या आणि ती माझ्यापुढे धरली. "ताई, आता तरी घेऊन जा."

मी ती त्याच्या हातातून घेतली आणि परत खुंटीवर टांगली.

"राहू दे रे," म्हटलं, "आलेच मी."